प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस : नव्या औषधांच्या चाचण्या

प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस (पीबीसी) हा यकृताचा दुर्मिळ आजार. शरीराची प्रतिकारशक्ती यकृतातल्याच बारीक पित्तनलिकांवर उलटते, पित्त आतच तुंबते आणि बऱ्याच वर्षांनी यकृत निबर होऊ लागते. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, बहुतेक चाळिशीपुढच्या. थकवा आणि खाज ही ठळक लक्षणे. ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतो ती ही खाज नव्हे. इथे गांधी दिसत नाहीत, पण तळहात-तळपाय रात्री झोपू देत नाहीत. आजाराच्या जुन्या नावात ‘सिरोसिस’ (यकृत निबर होणे) होता. बहुतेक रुग्णांना तो झालेलाच नसतो, म्हणून २०१५ च्या सुमारास तो शब्द काढला.

पहिले औषध अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. (हे आम्ल अस्वलाच्या पित्तात मुबलक असते, ‘अर्सो’ हे लॅटिनमधले अस्वलच.) सुमारे ४० टक्के रुग्णांना त्याचा पुरेसा गुण येत नाही. नव्या चाचण्या मुख्यतः त्यांच्यासाठी.

अडचण अशी की आजार संथ आणि रुग्ण थोडे. औषधाने आयुष्य वाढले का, प्रत्यारोपण टळले का, हे बघायला दशक लागेल. म्हणून रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फेटेज या विकरावर (पित्त तुंबले की ते वाढते) भिस्त ठेवतात: वर्षभरात ते किमान १५ टक्के उतरावे, सामान्य मर्यादेच्या १.६७ पटींखाली यावे आणि बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) सामान्य असावे.

या कसोटीवर ओबेटिकोलिक ॲसिड हे नवे औषध उत्तम उतरले. ‘पॉइज’ चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ४६-४७ टक्के रुग्णांनी उद्दिष्ट गाठले, प्लासिबोवरच्यांपैकी (म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकी) १० टक्क्यांनी. मे २०१६ मध्ये अमेरिकेत वेगवान मान्यता मिळाली. प्रत्यक्ष लाभ पुढे सिद्ध करायचा, ही अट. ३३४ रुग्णांच्या ‘कोबाल्ट’ चाचणीत तो सिद्ध झाला नाही. दोष सगळा औषधाचा म्हणता येत नाही. खरी गोळी बाजारात मिळत असताना वर्षानुवर्षे प्लासिबो कोण घेत बसेल? पुष्कळ जण दुसऱ्या उपचारांकडे वळले आणि तुलनाच पातळ झाली. शिवाय यकृत आधीच खालावलेल्या काहींना आठवड्याचा डोस रोज दिला गेला, मृत्यू झाले. २०१८ मध्ये वेष्टनावर सर्वांत कडक इशारा आला. २०२४ मध्ये युरोपीय औषध संस्थेने मान्यता रद्द करण्याची शिफारस केली, २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतूनही औषध मागे घेतले.

२०२४ मध्येच एलाफिब्रानोर आणि सेलाडेलपार आले, तेही वेगवान मान्यतेवरच. सेलाडेलपारच्या ‘रिस्पॉन्स’ चाचणीत १९३ रुग्ण होते, औषध घेणाऱ्यांपैकी ६१.७ टक्क्यांनी उद्दिष्ट गाठले, प्लासिबोवर २० टक्क्यांनी.

खाजेला मात्र रक्ततपासणी नाही. गेल्या चोवीस तासांतली सर्वांत वाईट खाज रुग्णाने स्वतः शून्य ते दहात नोंदवायची. ओबेटिकोलिक ॲसिडने अनेकांची खाज वाढवली होती. सेलाडेलपारवर मात्र, सुरुवातीला चार किंवा अधिक आकडा असलेल्यांचा सहा महिन्यांत सरासरी ३.२ ने उतरला; प्लासिबोवर १.७ ने.