लग्नपत्रिकेतला क्लॅरेंडन

बडोद्याच्या मराठी घरांतली लग्नपत्रिका अनेकदा तीन लिप्यांत निघते: देवनागरी, गुजराती आणि रोमन. वधूवरांची नावे तिन्हीकडे ठळक हवी असतात आणि घोळ नेमका तिथे होतो.

मजकुराच्या ओळीत साध्या टाइपाच्या सोबतीने वापरायचा ठळक सेरिफ टाइप, म्हणजे रेघांच्या टोकांना आडवे पाय असलेला टाइप, रूढ केला तो क्लॅरेंडन या टाइपाने. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे टाइप ओतणाऱ्या कारखान्यात, बेंजामिन फॉक्स यांनी तो कोरला आणि रॉबर्ट बेस्ली यांनी 1845 मध्ये त्याची नोंदणी केली. जाहिरातींची अतिजाड अक्षरे त्याआधीही होती, पण त्यांच्या उभ्या रेघा भरभक्कम आणि आडव्या केसाएवढ्या. लहान आकारात ती वाचवत नसत. क्लॅरेंडनमध्ये हा फरक कमी होता. सेरिफ, म्हणजे तो आडवा पाय, जाड होता आणि उभ्या रेघेला बाक देऊन जोडलेला. शब्दकोशातला मूळ शब्द पानावर उठून दिसावा, याला तो फार सोयीचा. नोंदणीचे संरक्षण अवघे तीन वर्षांचे. ते संपताच इतरांनी धडाधड नकला काढल्या.

ठळक अक्षर वेगळेच काढावे लागते. रेघ आतल्या बाजूने जाड केली तर अक्षराचे पोट बुजते, म्हणून अक्षर थोडे रुंद करतात आणि आडव्या रेघा उभ्यांपेक्षा कमी जाड ठेवतात. फाँटमध्ये खरा बोल्ड नसेल तर सॉफ्टवेअर सगळ्या कडांना सारखाच लेप चढवते. सेरिफची टोके बोथट होतात. देवनागरीत क्ष, द्ध, ष्ट्र यांची भोके आधी बुजतात. म्हणून फाँट निवडतानाच बोल्डची वेगळी फाइल आहे ना, ते पाहावे.

खरबरीत, शाई शोषणाऱ्या कार्डावर रेघ आणखी फुगते, तेव्हा प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत, त्याच कार्डावर काढावे. सोनेरी फॉइलला नाजूक रेघा मानवत नाहीत. तिथे क्लॅरेंडनच्या घराण्यातले अक्षर छान टिकते.

रोमन कॅपिटल नावांत अक्षरांमधले अंतर 5 टक्के वाढवले की ती मोकळी दिसतात. तीच सेटिंग चुकून देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते. गुजरातीला शिरोरेषाच नाही, त्यामुळे तिथे ही चूक लपून राहते आणि प्रूफ वाचणारा फसतो.

देवनागरीला त्याच पॉइंटात वर मात्रा, खाली उकार सामावायचे असल्याने अक्षराचे अंग लहान पडते. रोमन 14 पॉइंट असेल तर देवनागरी 16-17 घेऊन पाहावी आणि ओळींमधले अंतरही वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला जाऊन टेकतो.

शेवटी डोळे किलकिले करून पत्रिका पाहावी. बहुधा रोमन कॅपिटलांचाच काळा पट्टा आधी दिसतो. तसे झाले तर रोमनला सेमीबोल्ड, म्हणजे बोल्डपेक्षा थोडा हलका टाइप, द्यावा, देवनागरी बोल्डच ठेवावी.