मेनोनाइट महाविद्यालयांतील संगीत

मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातील शांततावादी पंथ. १५२५ साली झुरिकमध्ये सुरू झालेल्या ॲनाबॅप्टिस्ट (बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा असे मानणाऱ्या) चळवळीतून तो निघाला. मेनो सिमन्स (१४९६–१५६१) या डच धर्मगुरूवरून त्याला नाव मिळाले. अमेरिकेत या पंथाने चालवलेल्या महाविद्यालयांत संगीताला जे स्थान आहे, ते समजायचे तर आधी एक विरोधाभास ध्यानात घ्यावा लागतो: पियानोचे प्राध्यापक नेमणाऱ्या या समाजाच्या अनेक मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपासनेच्या वेळी कोणतेही वाद्य वाजत नसे.

वाद्य नव्हते, म्हणून गळा तयार झाला. व्हर्जिनियातील जोसेफ फंक यांनी १८३२ मध्ये काढलेल्या गीतसंग्रहात स्वरचिन्हांची डोकी चार आकारांची होती: त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि शंकरपाळे. आकार पाहताच स्वर कळे. त्यामुळे दिवसभर शेतात राबणारी माणसेही सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा (सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्या आवाजापर्यंतच्या) चार भागांत गायला शिकली. लेकरे हे आईबापांच्या शेजारी बसून ऐकत, आणि मुलाचा आवाज फुटला की तो आपोआप बासाच्या ओळीवर येई.

सगळेच मेनोनाइट असे नव्हते. १८७४ पासून रशियातून कॅन्ससमध्ये आलेल्या मेनोनाइटांच्या मंडळ्यांत ऑर्गन आणि पियानो पुष्कळ आधी आले. त्यांच्याच पुढाकाराने १८८७ मध्ये बेथेल कॉलेज स्थापन झाले. तिथले संगीताचे प्राध्यापक वॉल्टर होमान यांनी लेस्टर होस्टेटलर यांच्याबरोबर १९४० चे गीतपुस्तक संपादित केले. इंडियानातील गोशेन कॉलेजची (स्थापना १८९४, गोशेन गावात १९०३ पासून) वाट मात्र बिनसाथीच्या गायनातून आली. मार्विन ब्लिकेनस्टाफ यांच्यासारखा अध्यापनशास्त्रात नावाजलेला पियानोवादक तिथे वीसहून अधिक वर्षे शिकवत होता, यावरून तिथे पियानो पुढे किती रुजला ते दिसते.

अशा ठिकाणी संगीताच्या प्राध्यापकाचे काम मैफलीपुरते उरत नाही. सोनाटा शिकवायचा, वृंदगायन बसवायचे, आणि मंडळीचे गीतपुस्तक नवे करायची वेळ आली की समितीतही बसायचे. प्रस्तुत लेखकाच्या मते या पदाचे खरे वजन या तिसऱ्या कामात आहे, कारण मैफल एका संध्याकाळची असते आणि गीतपुस्तक पिढीभर हाताळले जाते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मेरी ओयर (१९२३–२०२४). त्या चेलोवादक. १९४५ पासून चार दशके त्यांनी गोशेनमध्ये संगीत आणि ललित कला शिकवल्या. १९६९ च्या ‘मेनोनाइट हिम्नल’ या गीतपुस्तकाच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. त्यानंतर त्या आफ्रिकेतील गायनाच्या अभ्यासाकडे वळल्या आणि निवृत्तीनंतर तैवानमध्येही शिकवले. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुरलेल्या बाईंनी वयाच्या मध्यावर दुसऱ्या खंडांची गाणी विद्यार्थिनीच्या वृत्तीने शिकावीत, हे विशेष आहे.

१९६९ च्या त्याच पुस्तकातील ६०६ क्रमांकाचे स्तुतिगीत मेनोनाइटांची ओळख बनले. गीताचे नाव कोणी घेत नाही. ‘सिक्स-ओ-सिक्स’ म्हटले की सभागृह उभे राहते आणि कित्येक जण पुस्तक न उघडताच सुरू करतात. पहिली ओळ सगळे एकत्र उचलतात. मग आवाज एकमेकांच्या मागे धावू लागतात: बास निघून जातो, टेनर त्याला गाठतो, आणि शेवटी सगळे पुन्हा एका ठिकाणी येतात. १९९२ च्या पुस्तकात हे गीत ११८ व्या क्रमांकावर गेले आणि २०२० च्या पुस्तकात ७० व्या, तरी लोकांच्या तोंडी जुनाच आकडा आहे.

या परंपरेचा धागा भारतापर्यंतही आला. १८९९ मध्ये अमेरिकी मेनोनाइट मिशनऱ्यांनी धमतरीत काम सुरू केले, तेव्हा तो भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. १९९७ मध्ये मेनोनाइटांचे जागतिक अधिवेशन कोलकात्यात भरले.