‘पुढे’ दाबलं आणि पुस्तक गेलं कुठे?

बडोद्यात दांडिया बाजाराकडे आमच्या मंडळाची छोटीशी लायब्ररी आहे, पुस्तकांची नोंद अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, आणि फॉर्मवर ‘मागे’, ‘पुढे’ ही बटणं मीच कोड लिहून टाकलेली. परवा काकूंचा फोन, "अरे, शेवटच्या पुस्तकावर पुढे दाबलं तर एरर आली, मी काही मोडलं नाही हं!"

काकूंनी खरंच काही मोडलं नव्हतं, चूक माझी.

फॉर्म दाखवतो एकच पुस्तक, पण मागे अख्खा रेकॉर्डसेट, म्हणजे सगळ्या पुस्तकांच्या नोंदींचा संच, असतो आणि त्यात एका ठिकाणी बोट ठेवलेलं असतं, तो करंट रेकॉर्ड. कोडमधला मूव्हनेक्स्ट म्हणजे बोट एक घर पुढे. आता गंमत बघा, शेवटच्या पुस्तकावर बोट असतं तेव्हा इओएफ (एंड ऑफ फाइल, ‘यादी संपली का?’ हे सांगणारी खूण) ‘नाही’च म्हणतं, अजून एकदा पुढे सरकलं की बोट पुस्तकांच्या पलीकडे रिकाम्या जागी पडतं आणि मग ते ‘हो’ म्हणतं. तिथे काही वाचायला गेलात की एरर 3021, करंट रेकॉर्ड नाही. म्हणून सरकल्यावर लगेच इओएफ तपासायचं, ‘हो’ असेल तर मूव्हलास्टने शेवटच्या पुस्तकावर मागे यायचं. सुरुवातीच्या टोकाला बीओएफ (बिगिनिंग ऑफ फाइल), तिथेही हेच, उलट्या दिशेने.

रेकॉर्डकाउंट, म्हणजे एकूण नोंदींचा आकडा, तोही फसवतो. डायनासेट (रेकॉर्डसेटचा एक प्रकार) उघडल्या उघडल्या तो सगळी पुस्तकं मोजत नाही, जेवढ्यांवरून बोट फिरलं तेवढीच सांगतो. आधी शेवटपर्यंत जाऊन यावं लागतं.

पण ‘पुढचं’ म्हणजे नक्की कुठलं? सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून इथली लायब्ररी व्यवस्था उभी केली. अशा लायब्ररीतल्या कार्डांच्या ड्रॉवरमध्ये पुढचं कार्ड हाताला लागतं. टेबलात तसं नाही, संगणकतज्ज्ञ कॉडने 1970 मध्ये मांडलेल्या डेटाबेसच्या मॉडेलमध्ये ओळींना क्रमच नाही, तो क्वेरीत ऑर्डर बाय लिहून आपणच द्यायचा. म्हणूनच ‘सदतिसावं पुस्तक’ लक्षात ठेवण्यात अर्थ नाही, नावाप्रमाणे सॉर्ट केलं की सदतिसावं दुसरंच. बुकमार्क, म्हणजे नोंदीच्या जागेची खूण, तीही रीक्वेरी झाली (यादी नव्याने मागवली) की बाद. दाखलनंबर (प्रत्येक पुस्तकाचा लायब्ररीतला स्वतःचा नंबर) धरून फाइंडफर्स्टने शोधा, आणि नोमॅच, म्हणजे ‘सापडलं नाही’ ही खूण, बघायला विसरू नका (मी विसरलो होतो, भलतंच पुस्तक इश्यू झालं).

एरर गेली, मग वाटलं शेवटी आल्यावर ‘पुढे’ बटण फिकटच करून टाकू. तर अ‍ॅक्सेस म्हणे, ज्या बटणावर फोकस आहे (म्हणजे जे आत्ता निवडलेलं आहे) ते बंद करता येणार नाही! आधी फोकस ‘मागे’वर न्यायला लागला. केलं तसं, आणि संध्याकाळी परत काकूंचा फोन, "अरे, ते बटण बिघडलं बघ."