‘सिबिल’मधली चूक आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क : पार्श्वभूमी

कोथरूडमधल्या माझ्या एका नातेवाइकांनी दुचाकीचे कर्ज २०१४ साली फेडले होते. २०२१ मध्ये घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर मात्र त्यांच्या पतअहवालात (कर्जे आणि त्यांची परतफेड यांच्या नोंदवहीत) त्याच कर्जापुढे ‘रिटन ऑफ’, म्हणजे बुडीत, असा शेरा आणि १,८४० रुपयांची थकबाकी दिसली. शिक्क्याचा ना हरकत दाखला जवळ असूनही हा अहवाल तयार करणारी पतकंपनी बँकेकडे बोट दाखवी आणि बँक पतकंपनीकडे.

या हेलपाट्यांचे मूळ कायद्यातच आहे. सिबिल ही पतकंपनी २००० साली स्थापन झाली आणि २००४ पासून वैयक्तिक कर्जदारांची माहिती देऊ लागली. (आज अशा चार कंपन्या असल्या, तरी आपल्या तोंडी ‘सिबिल’च बसले आहे.) त्यानंतर आलेल्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यातील कलम २१ ने कर्जदाराला स्वतःचा अहवाल पाहण्याचा आणि चूक तीस दिवसांत दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिला, पण ज्या बँकेने नोंद पाठवली तिनेच दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याशिवाय ती करता येणार नाही, अशी पुस्तीही जोडली. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यानुसार पडताळता न येणारी नोंद काढून टाकावी लागते. म्हणजे तिथे सावकाराचे मौन कर्जदाराच्या पथ्यावर पडते, तर आपल्याकडे सावकाराच्या.

ग्राहक चळवळ पुण्याला नवी नाही; बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत इथेच सुरू केली. तरीही या कागदाकडे ग्राहकाचे लक्ष उशिराच गेले, कारण तो पाहायलाच पैसे पडत. वर्षातून एक पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीने फुकट द्यावा, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१७ पासून लागू झाला. सप्टेंबर २०२२ पासून पतकंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कक्षेत आल्या.

खरा दात आला तो २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने. तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. बँकेने एकवीस दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नसेल, तर ही भरपाई बँकेने द्यायची. पाठवूनही पतकंपनी रेंगाळली, तर पतकंपनीने. ही तरतूद एप्रिल २०२४ मध्ये अमलात आली. बँकेच्या प्रमाणपत्राची अट तिने काढलेली नाही, फक्त विलंबाला किंमत लावली आहे.

आमच्या नातेवाइकांची नोंद चौथ्या महिन्यात पुसली गेली. तोवर त्यांचा फ्लॅटचा इसार बुडाला होता.