घर नावावर आहे पण कर्ज फिटत नाही, नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज करावा की दुसरा मार्ग बघावा?

सध्या लातूर-उदगीरकडचे ओळखीचे बरेच जण एकच विचारायलेत, दादा कर्ज लई झालंय, कोर्टातून दिवाळं काढून घेतलं तर घर वाचतंय का? सरळ सांगतो, जे कर्ज त्याच घरावर काढलंय त्याच्यापासून नादारीने घर वाचत नाही. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यातच आहे की ज्याच्याकडे तारण आहे त्याचा तारण विकून पैसे वसूल करायचा हक्क तसाच राहतो. म्हणजे होम लोन थकवून नादारीला गेलात तर बँक तिच्या मार्गाने घर विकणारच, अन बाकीची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाणार ती वेगळीच.

मग हा अर्ज कुणाच्या कामाचा? ज्याचं देणं बिनतारणी आहे, म्हणजे हातउसने, दुकानाची उधारी, पर्सनल लोन. पात्रता अशी की देणं फेडायची ऐपत नाही आणि एकतर देणं किमान ५०० रुपये आहे (कायदा शंभर वर्षांचा जुना आहे), किंवा हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या पैसे भरायच्या निकालाच्या) वसुलीत अटक झालीय, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश आहे. अर्ज जिल्हा कोर्टात. त्यात तुम्ही ज्याचं ज्याचं देणं लागता त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, रक्कम, तुमची सगळी मालमत्ता किमतीसकट, आणि आधी कधी असा अर्ज केला होता का, हे लिहावं लागतं. म्हणून सातबारा, ८अ, गावातलं घर असेल तर नमुना ८, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक, पासबुकं, लोन स्टेटमेंट, जप्तीची नोटीस हे आधी गोळा करा, काही लपवू नका.

आणि घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून मग अर्ज करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अर्जाच्या आधीच्या २ वर्षातलं असं फुकटचं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं.

एक गोष्ट मात्र आपल्याकडं लई कामाची आहे अन कुणी सांगत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये शेतकऱ्याचं आणि मजुराचं स्वतः राहतं घर जप्तीतून वगळलंय, शेतीची अवजारं, बैल, बियाणंसुद्धा. जे जप्त होत नाही ते नादारीतही जात नाही. पण ते घर गहाण टाकलेलं असेल तर त्या बँकेपुढं याचा उपयोग नाही. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा.

यूट्यूबवर २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातली "फ्रेश स्टार्ट" म्हणजे छोटी कर्जं माफ करून घ्यायची योजना सांगतात, त्याच्या नादी लागू नका. व्यक्तींसाठीचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू झालाय, आणि फ्रेश स्टार्टची अटच अशी आहे की स्वतःचं घर नसावं.

आता घरावरच कर्ज असेल तर माझं मत ठाम आहे, हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए म्हणजे थकीत खातं ठरतं, त्याच्या आधी मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणं खूप सोपं असतं. एनपीए झाल्यावर सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता बँकेला तारण विकू देणाऱ्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस येते, तिला लेखी उत्तर द्याच, कारण बँकेला १५ दिवसात तुमच्या हरकतीला उत्तर द्यावं लागतं. पुढं ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसात छत्रपती संभाजीनगरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही.

हप्ता झेपणारच नसेल तर घर स्वतः विका. हे बोलताना मलाही जड जातं, आमच्या घरात हा प्रसंग येऊन गेलाय, पण गिऱ्हाईक तुम्ही शोधलं तर लिलावापेक्षा भाव बरा येतो, बँक फिटून दोन पैसे हातात उरतात. लिलावाची जाहिरात निघायच्या आत सगळी बाकी भरली तर विक्री थांबते, जाहिरात निघाल्यावर तो हक्क राहत नाही, म्हणून तारीख बघत बसू नका.

वनटाईम सेटलमेंट म्हणजे ओटीएसचा अर्ज लेखीच द्या, सोबत दवाखान्याची फाईल, धंदा बुडाल्याचे कागद, पैसे कुठून आणणार ते. सिबिलवर "सेटल्ड" असं पडतं, पुढची काही वर्षं नवीन कर्ज अवघड, हे धरून चाला. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसतं, म्हणून सही करायच्या आधी रक्कम आणि तारखा दोनदा वाचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना, एससी-एसटींना वकील फुकट मिळतो.

पतसंस्थेचं असेल तर ती सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढते, त्या सुनावणीला गैरहजर राहू नका, नंतर आव्हान द्यायला निम्मी रक्कम भरावी लागते. आणि बिनपरवाना सावकाराने घराचं खरेदीखत करून घेतलं असेल तर आधी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार द्या, २०१४ च्या सावकारी कायद्यात चौकशी होऊन मालमत्ता परत मिळू शकते.

कर्ज मिटलं की नो ड्यूज घ्या, मूळ कागद ३० दिवसात मिळायला पाहिजेत, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि बोजा (मालमत्तेच्या कागदावरची कर्जाची नोंद) कमी करायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.