गोधडीचे कापड कापण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुकड्यांच्या गोधडीसाठी आमच्याकडून सुती कापड नेणारे बरेच ग्राहक आठ-पंधरा दिवसांत ‘तेच कापड आणखी थोडे हवे’ म्हणून परत येतात, आणि तोवर तो तागा संपलेला असतो. नव्या ताग्यातली छटा जुन्याशी तंतोतंत जुळेल याची हमी कापड बनवणाराही देत नाही, मग ती आम्ही कशी द्यावी? कापड कमी पडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते आणि ते कात्री हाती घेण्यापूर्वी कागदावरच टाळता येते, म्हणून हे पत्रक.

नेहमीचेच माप घेऊ. तयार गोधडी ६० बाय ९० इंच, तुकडे ६ इंचांचे चौरस आणि रंग ५. आडवे १० व उभे १५ असे १५० तुकडे होतात, म्हणजे प्रत्येक रंगाचे ३०. इथवर कोणी चुकत नाही. त्यानंतर मात्र तीस तुकड्यांचे क्षेत्रफळ काढून त्याला ४४ इंचांच्या पन्ह्याने, म्हणजे कापडाच्या रुंदीने, भागले जाते, उत्तर साडेचोवीस इंच येते, आणि ‘पाऊण मीटर पुरे, वर थोडे उरेलच’ असे म्हणून कापड नेले जाते.

या हिशेबात पहिली सुटते ती माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायची जादा कड. तयार गोधडीत तुकडा ६ इंचांचा दिसायला हवा असेल, तर चारही बाजूंना पाव इंच माया धरून तो साडेसहा इंचांचा कापावा लागतो. सहाचाच कापला तर शिवल्यावर साडेपाचचा उरतो, आणि सगळे तुकडे जोडून झाल्यावर गोधडी ५५ बाय साडेब्याऐंशी इंचांची भरते. पाच इंच रुंदी आणि साडेसात इंच लांबी निव्वळ शिवणीत जाते.

दुसरा सुटतो तो पन्हा. कापड म्हणजे कणीक नव्हे, की उरलेल्या कडा गोळा करून आणखी एक पोळी लाटावी. दोन्हीकडचे काठ सोडले की ४४ पैकी सुमारे ४२ इंच हाती येतात, त्यांत साडेसहाचे ६ तुकडे बसतात आणि जे ३ इंच उरतात त्यांतून सातवा तुकडा निघत नाही. तेव्हा तीस तुकड्यांना पन्हाभर लांबीच्या ५ पट्ट्या लागतात, म्हणजे साडेबत्तीस इंच कापड. पाऊण मीटर म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस इंच. त्यांत ४ पट्ट्या निघतात, २४ तुकडे होतात, आणि पाच रंगांचे सहा-सहा मिळून तीस तुकडे कमी पडतात. गोधडीच्या पूर्ण तीन ओळी!

म्हणूनच आम्ही प्रत्येक रंगाचे एक मीटर घ्यायला सांगतो. दुकानदार जास्तीचे कापड गळ्यात मारतो असे काहींना वाटते, आणि ते बोलूनही दाखवतात. परंतु सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटू शकते, म्हणजे मीटरमागे सव्वा ते दोन इंच तिथेच जातात, आणि ताग्यावरून तिरपे फाटून आलेले टोक धागा ओढून सरळ करण्यात आणखी इंचभर जाते. उरतात चार-साडेचार इंच, आणि एखादी पट्टी थोडी वाकडी कापली गेली तर तेवढाच आधार असतो. कापण्यापूर्वी कापड धुऊन इस्त्री करावे, हे वेगळे सांगायला नको.

गोटाचे, म्हणजे गोधडीच्या कडेभोवती शिवायच्या पट्टीचे, कापड मात्र आधी बाजूला काढावे, शेवटी उरेल त्यातून नव्हे. या मापाच्या गोधडीचा घेर ३०० इंच होतो. अडीच इंची पट्ट्या आडव्या कापल्या तर ८ लागतात, म्हणजे २० इंच कापड. अर्धा मीटर साडेएकोणीस इंचांच्या किंचित वर भरतो, त्यामुळे तो हमखास अपुरा पडतो. साठ सेंटीमीटर घ्यावे, आणि कापड न धुता नेले असेल तर सत्तर.

आखताना प्रत्येक तुकडा पुठ्ठ्याच्या साच्यावरूनच आखावा. आधी कापलेला तुकडा ठेवून पुढचा आखला, की दर वेळी खडूच्या रेघेची जाडी वाढत जाते आणि दहाव्या तुकड्यापर्यंत कोपरे जुळेनासे होतात. जागा वाचवण्यासाठी तुकडा तिरका बसवण्याचा मोहही टाळावा. उरेब कापलेली कड शिवताना ताणली जाते आणि गोधडीला पोक येतो.

जुन्या साड्या आणणाऱ्यांना एवढीच विनंती, की त्या घरी कापून आणू नयेत. साडी उजेडासमोर धरली की विरलेला भाग लगेच दिसतो. तो वगळून धड कापड किती निघते हे पाहिल्यावरच तुकड्याचे माप ठरवता येते. आधीच कापलेल्या वेगवेगळ्या मापांच्या तुकड्यांतून आम्हाला सर्वांत लहान तुकड्याच्या मापावर यावे लागते, आणि चांगले कापड वाया जाते.

गोधडीचे पूर्ण कापड आमच्याकडून घेतल्यास साडेसहा इंची साचा विनामूल्य मिळेल. तुकडे कापून हवे असल्यास त्याची मजुरी वेगळी पडते, मात्र कमी पडलेला तुकडा ही आमची जबाबदारी राहते आणि उरलेले कातरण ग्राहकाला परत दिले जाते. ताग्यावरून कापलेले कापड परत घेतले जात नाही; म्हणून येताना गादीचे माप इंचांत लिहून आणावे, हिशेब आम्ही आपल्यासमोर बसून मांडून देऊ.