मीटिंगला कुणाला आणून सोडता येत नाही

फोन विट्याहून येतो, तासगावहून येतो, कधी कऱ्हाडहून. बोलणारी बहुधा बायको असते, नाहीतर मेहुणा. पहिला प्रश्न ठरलेला: “महिन्याचे किती घेता? कधी आणून सोडू?”

मी सांगलीतल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एएचा, मेंबर. आमच्याकडे खाट नाही, डॉक्टर नाही, फी नाही. आठवड्यातून ठरलेल्या वारी खुर्च्या मांडतो, तासदीड तास बोलतो, खुर्च्या उचलून ठेवतो. तरी व्यसनमुक्ती केंद्र आणि एए ही एकाच दुकानाची दोन नावं आहेत, असं चांगली शिकलेली माणसंही धरून चालतात.

केंद्र काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे. दाखल व्हायचं, औषधं, समुपदेशन, ठरलेले दिवस, मग डिस्चार्ज. एएचं मूळ निराळं. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बोलत न पिता राहायला लागले. पिणाऱ्यानं पिणाऱ्याशी बोलायचं, ही रीत तिथली. खर्चाला पिशवी फिरते, जमेल ते टाका, नसेल तर राहू द्या. बाहेरची देणगी घेत नाही. इथपर्यंत सगळ्यांना पटतं.

घोळ होतो तो पुढे. केंद्रात माणसाला नेता येतं. मीटिंगला त्याला यावं लागतं.

एएचं सभासद व्हायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. ती त्याची स्वतःची हवी. आईची, बायकोची, साहेबाची इच्छा कितीही खरी असली तरी ती इथं चालत नाही. केंद्रात नाइलाजानं आलेल्या माणसालाही उपचार मिळतात, आठ दिवसांत डोकं थाऱ्यावर येतं, कधी कधी तिथंच मन तयार होतं. मीटिंगमध्ये थांबवून ठेवणारं कुणी नाही, त्यामुळे नाइलाज तासाभरात उठून जातो.

एकाला दोन मेहुण्यांनी दंडाला धरून आणलं होतं. तो दाराशी बसला, चपला हाताशीच, तोंडं बाहेर वळवलेली. तासभर त्या चपलांकडेच बघत होता. बाहेर टपरीवर मेहुणा मला विचारत होता, “किती दिवसांचा कोर्स असतो ओ? पुढची कधी?” तीन आठवडे असंच चाललं, मग बंद पडलं. पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस एसटीनं एकटा आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. बोलला काहीच नाही. जाताना मला म्हणाला, “पुढची कधी असती?” मेहुण्याचाच प्रश्न, पण या खेपेला त्यानं स्वतः विचारला होता.

‘कोर्स’ हा शब्द मला सहन होत नाही. केंद्रातले दिवस संपतात, मीटिंग संपत नाही. डिस्चार्जची पिशवी घेऊन घरी आलेला माणूस बरा झाला असं समजून घरचे निर्धास्त होतात, आणि लग्नसराईत पहिली स्लिप होते, म्हणजे तो पुन्हा पितो. माझ्या मते डिस्चार्जच्या आठवड्यातच पहिली मीटिंग गाठावी.

उलटी चूक जिवावर बेतते. रोज पिणारा, सकाळी हात थरथरणारा माणूस एकदम थांबला तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. त्याला आमच्याकडे नको, आधी डॉक्टरकडे न्या. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. काही सुचेना झालं तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आहे. आणि एसटी स्टँडच्या भिंतींवरची ‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात बघून चहात पूड कालवू नका. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू अंगावर उलटवणारं औषध, असेल आणि वरून तो प्यायला, तर जीव जाऊ शकतो.

मग घरच्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे, १९५१ पासून, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा ग्रुप. तिथं जाण्यासाठी त्यानं दारू सोडलेली असावी लागत नाही. एएच्या ओपन मीटिंगलाही घरचे बसू शकतात, क्लोज्ड मीटिंग फक्त आमची. जवळचा ग्रुप कुठे भरतो ते एएच्या मुंबईतल्या कार्यालयाला विचारा, नाहीतर केंद्रातल्या समुपदेशकांना.

पहिल्यांदा येणाऱ्यानं मागे बसलं तरी चालतं. बोलायची सक्ती नाही, पहिलं नाव पुरे, आडनाव कुणी विचारत नाही. हजेरीवही नसते, म्हणून कंपनीला दाखवायला दाखला मिळत नाही, तो मागूही नका. ओळखीचं कुणी दिसेल ही भीती सांगलीसारख्या गावात खरीच आहे, पण दिसणारा त्याच कामासाठी आलेला असतो.

तेव्हा वहिनी, फोन त्यांच्या हातात द्या. आज नको म्हणाले तर नंबर फ्रीजवर लावून ठेवा. रात्री दहापर्यंत मी उचलतो.